गावाच्या पोटाला पेज

हिसानोच्या हातात घासणी दिसली नाही, तर ती आजारी आहे असं कुरोदो गावात धरून चालत. सकाळी न्हाणीच्या फरशा, दुपारी लाकडी घमेली, संध्याकाळी गल्ल्याची फळी, आणि मधे वेळ उरलाच तर दारासमोरचा विजेचा खांब, हात पोचेल तिथवर. गावाची ही सार्वजनिक न्हाणी तिच्या सासऱ्यांनी बांधली, नवऱ्याने चालवली आणि तो गेल्यापासून ती एकटी चालवत होती. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. गरम पाण्याचं कुंड खरं तर एकच, पण त्याच्या मधोमध एक भिंत उभी, तीही छतापर्यंत न पोचणारी. दाराशी उंच गल्ल्यावर हिसानो बसे आणि तिथून तिला दोन्ही बाजू दिसत. बाहेर नळावर अंग घासून, साबण पुरता धुऊन मगच कुंडात उतरायचं, हा नियम. एकदा गावच्या प्रमुखांच्या कानामागे फेस राहिला होता, तर तिने त्यांना भर कुंडातून उठवून परत नळाखाली बसवलं होतं. बिचारे मुकाट्याने बसले. पुढची निवडणूक ते हरले, पण त्याचा याच्याशी काही संबंध नसावा.

न्हाणी म्हणजे हिसानोचा जीव की प्राण, आणि हा प्राण अडकला होता भाताच्या गोदामामागच्या एका टाकीत. पूर्वी कुंडाचं पाणी तेलावर तापायचं. तेल इतकं महागलं की एका हिवाळ्यात तिने गाशा गुंडाळायचंच ठरवलं होतं. त्याच सुमारास गावाने ती टाकी बांधली. घराघरातला ओला कचरा तिच्यात जायचा, आत डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव तो खात बसायचे, आणि त्यातून निघणारा गॅस नळीने थेट हिसानोच्या भट्टीत यायचा. उरलेलं काळं पाणी कांद्याच्या आणि भाताच्या शेतांना खत म्हणून फुकट मिळायचं. गावात तिला टाकी कुणी म्हणतच नसे, 'गावाचं पोट' म्हणत. काल सोललेल्या मुळ्याच्या साली आज तोकुजी आजोबांची कंबर शेकतायत, याचं सगळ्यांना भारी कौतुक. हिसानोने तर जुनी तेलाची भट्टी त्याच वर्षी भंगारात देऊन टाकली. आता पोट चाललं तर न्हाणी चालणार आणि पोट बसलं की न्हाणीही बसणार, इतकं ते सरळ होतं.

कचऱ्यासाठी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी झाकणाची एक हिरवी बादली असे, आणि ही बादली भलतीच चहाडखोर. कुणाकडे महागाचा मासा आला, कोण मुळा जाड सोलतं, कुणाच्या सुनेने भात करपवला, सगळं आधी बादलीत दिसायचं आणि मग गावाच्या तोंडी व्हायचं. किनुयो ही हिसानोची शेजारीण आणि लहानपणची मैत्रीण. ती तर कचरा धुऊन मगच बादलीत टाकायची.

"लोक बघणार म्हटल्यावर," ती म्हणायची, "माशाचे काटेसुद्धा नीटनेटके दिसायला हवेत."

अशा या गावात दूरच्या प्रांतातून पाहुणे यायचे ठरले. त्यांना आपल्या गावी अशीच टाकी बांधायची होती, म्हणून आधी ही पाहायची होती. बातमी आली त्या संध्याकाळी न्हाणीत, अंग पुसता पुसता, बायकांची सभाच भरली.

"टाकी ठीक आहे, पण बादल्यांचं काय?" हिसानो गल्ल्यावरून म्हणाली. "वास मारतात."

"कचऱ्याची बादली आहे गं ती," कुणीतरी म्हणालं. "तिचं झाकण कोण उघडतंय?"

"बघायलाच येतायत ना ते? मग उघडणारच," किनुयोने सांगितलं. हे सगळ्यांना पटलं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

हिसानोकडे फरशा घासायला आणलेलं ब्लीचचं मोठं पिंप होतं. प्रत्येक गल्लीने त्यातलं मगभर न्यावं, बादली आतून-बाहेरून घासावी, आणि पाहुणे जाईपर्यंत रोज तळाशी थोडं तसंच राहू द्यावं, म्हणजे वास डोकंच वर काढणार नाही, असं तिने ठरवून दिलं. तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची हिंमत नव्हती. टाकी सांभाळणाऱ्या मागोताला विचारावं, असं मात्र एकीच्याही मनात आलं नाही. साफसफाईत पुरुषमाणसाला काय विचारायचं?

पाहुणे आले. त्यांनी झाकणं उघडलीच. आत नाक घातलं आणि चकित होऊन एकमेकांकडे पाहिलं. "इथला कचरा आमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे," त्यांचा म्होरक्या म्हणाला, आणि वाकून नमस्कार केला. हिसानोही वाकली. त्या दिवशी तिचे पाय जमिनीवर नव्हते.

पाहुण्यांची बस गेली, आणि पुढच्या काही दिवसांतच न्हाणीचं पाणी निवू लागलं. भट्टीतली निळी ज्योत पिवळी झाली, मग फडफडायला लागली. तोकुजी आजोबा कुंडात गळ्यापर्यंत बसून म्हणाले, "हिसानो, ही आंघोळ आहे की मला सूप म्हणून निवत ठेवलंय?" दुसऱ्या संध्याकाळी ज्योत विझली ती विझलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मागोता धावत आला. हा गोलमटोल, मवाळ माणूस नोकरीसाठी दुसऱ्या गावाहून आलेला, आणि टाकीबद्दल घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा. त्याच्या हातात काळ्या पाण्याची बाटली होती आणि चेहरा पडलेला.

"पोट बसलं," तो म्हणाला. "आत काही हालत नाही. आणि हा वास घ्या. हा कसला वास आहे, तेच मला कळत नाहीये."

हिसानोने बाटली नाकाशी नेली. रोज सकाळी तिच्या फरशांना येणारा वास तो. भट्टीजवळच्या पायरीवर ती मटकन बसली.

"ब्लीच आहे," ती म्हणाली. "बादल्यांत मीच घालायला लावलं. वास येऊ नये म्हणून."

"किती?"

"गल्लीगणिक एक मग."

"दोन," दारातून किनुयोचा आवाज आला. ती केव्हापासून उभी होती कोण जाणे. "आमच्या गल्लीने दोन घातले. आपली बादली जरा उठून दिसायला नको?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाने कबुल्या दिल्या. पलीकडच्या गल्लीने तीन घातले होते, कारण किनुयोच्या गल्लीने दोन घातल्याचं त्यांना कळलं होतं. देवळाजवळच्यांनी तर कचराच ब्लीचमध्ये भिजत घातला होता. मागोता एकेकाचं ऐकत गेला आणि शेवटी त्याने कपाळाला हात लावला.

"असं स्वच्छ गाव मी जन्मात पाहिलं नाही," तो म्हणाला. "आतले जीव सगळे मेलेत. पण काय स्वच्छ मेलेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. हिसानोला हसू आलं नाही. वर्षातला सर्वांत लहान दिवस, गावाच्या तोंडी 'छोटा दिवस', जवळ आला होता. त्या दिवशी कुंडात युझूची पिवळी सुगंधी लिंबं सोडायची, आणि गावातलं झाडून सगळं माणूस त्या पाण्यात उतरायचं. मग हिवाळाभर सर्दी फिरकत नाही. त्या दिवशी न्हाणी बंद राहिली असं कधी झालं नव्हतं. शिवाय शेजारच्या शहरात नवं झगमगीत स्नानगृह उघडलं होतं, आणि ते म्हाताऱ्यांना न्यायला दारात बस पाठवायचं. माणसं एकदा त्या मऊ गाद्यांच्या बसमध्ये चढली की पुन्हा आपल्या दारात उतरणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची न्हाणी तिनेच घासून घासून बुडवली होती.

"उपाय काही?" तिने विचारलं.

"आहे. निम्मी टाकी रिकामी करायची आणि नवे जीव आत सोडायचे. दुसऱ्या गावच्या टाकीतून आणता येतील, पण त्या परवानग्या मिळेपर्यंत वसंतातली चेरी फुलेल." मागोताने डोकं खाजवलं. "हेच जीव गाईच्या पोटात असतात. ताजं, ऊन शेण मिळालं, आणि भरपूर मिळालं, तर जमेल. मग काही दिवस हलका आहार. तापातून उठलेल्या माणसाला देतो तशी भाताची पेज. गावात गाई आहेत का कुणाकडे?"

तो परगावचा, त्याने सरळ मनाने विचारलं. जमलेल्यांपैकी कुणी छताकडे पाहिलं, कुणी आपल्या चपलांकडे.

"गेन्पाचीकडे आहेत," शेवटी तोकुजी आजोबा म्हणाले. "पण तिथे जायचं कुणी, हे हिसानोला विचार."

गेन्पाची इसोगाई हा हिसानोच्या वर्गातला. गावाच्या टोकाला त्याचा गोठा. बऱ्याच वर्षांपूर्वी, ऐन गर्दीच्या वेळी, तो गोठ्यातून तडक न्हाणीत आला होता. दारातून आत येताच वास दोन्ही बाजूंना पोचला, आणि हिसानोने गल्ल्यावरून सगळ्यांच्या देखत त्याला ऐकवलं होतं, "गेन्पाची-सान, आधी घरी आंघोळ करा आणि मग आंघोळीला या." न्हाणी हसून हसून लोळली. गावाने ते वाक्य उचलून धरलं, शाळेतली पोरंसुद्धा ते एकमेकांना मारायला लागली. गेन्पाचीने टॉवेल खांद्यावर टाकला आणि गेला, तो पुन्हा कधी फिरकला नाही. रस्त्यात भेटला तर मान लववायचा, तेवढंच.

हिसानो दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. गोड भाताचे लाडू कापडात बांधून घेतले होते. गोठ्याच्या दाराशी तिचं पाऊल अडलं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मी. हिसानो."

मग गेन्पाची म्हणाला, "पाय पुसून आत ये. आम्ही इथे स्वच्छता पाळतो."

तिने पाय पुसले. खरंच पुसले, आणि दोनदा. तो एका काळ्या-पांढऱ्या गाईच्या खुराला मलम लावत होता. त्याने मान वर केली नाही.

"शेण हवंय," ती म्हणाली.

त्याचा हात थांबला. "पुन्हा बोल."

"शेण हवंय मला. पुष्कळ."

"ऐकलंत का गं?" तो गाईंना म्हणाला. "न्हाणीवाल्या बाईंना शेण हवंय."

तिने सगळं सांगितलं. पिंप, बादल्या, पाहुण्यांचा नमस्कार, विझलेली ज्योत. काहीही राखून ठेवलं नाही. तो गंभीरपणे ऐकत होता. देवळाजवळच्यांनी कचरा भिजत घातला इथवर आल्यावर त्याचे खांदे हलायला लागले, आणि मग तो गाईच्या पाठीवर डोकं टेकून असा हसला की गाईने वळून पाहिलं. हिसानो ताठ उभी राहिली. त्याचं हसणं ओसरेपर्यंत थांबली.

"तेव्हा मी जे बोलले—"

"केव्हा?"

"तुला माहितेय केव्हा."

"मला माहितेय. तू सांग."

"चार लोकांत तुला परत पाठवलं," ती म्हणाली. "गाय अडली होती, तू तिच्यापाशी रात्र काढून आला होतास, हे मला नंतर कळलं. कळल्यावर यायला हवं होतं. आले नाही. माझं चुकलं, गेन्पाची."

त्याने मलमाची डबी बंद केली. "वासरू जगलं," तो म्हणाला, आणि समोरच्या गाईच्या पाठीवर थाप मारली. "ही त्याची नात." मग हात पुसत उठला. "शेण ने. लागेल तेवढं ने. पण एक अट आहे. छोट्या दिवशी पहिलं पाणी माझं."

पहिलं पाणी म्हणजे न्हाणीतला सर्वांत मोठा मान. कुणी न उतरलेलं, कोरं, कडकडीत पाणी. छोट्या दिवशी तर त्यासाठी म्हातारे पहाटेपासून दाराशी बसत.

"आणि मी गोठ्यातून तडक येणार," तो पुढे म्हणाला. "घरी धुऊन येणार नाही."

हिसानोने त्याच्या मळक्या बाह्यांकडे पाहिलं. "आतल्या नळावर अंग घासशील ना? सगळ्यांसारखं?"

"ते घासेन. मी काही रानटी नाही."

"मग ये," ती म्हणाली. लाडू त्याच्या हातात दिले, आणि तिथेच कोपऱ्यातलं फावडं उचललं.

त्यानंतर गावात जे चाललं त्याला लग्नघरच म्हणायचं. छोटे ट्रक, हातगाड्या, जे मिळेल त्यातून ऊन शेण टाकीकडे निघालं. पुढच्या गाडीवर हिसानो, डोक्याला फडकं, कोपरापर्यंत हातमोजे. पहिल्या खेपेला तिने नाक बांधलं होतं. तिसऱ्या खेपेला ते फडकं गळ्यात आलं, आणि त्यानंतर कुठे गेलं ते तिलाही आठवेना. टाकीला थंडी वाजू नये म्हणून बायकांनी तिच्या नळ्यांना जुन्या गोधड्या गुंडाळल्या. घरोघरी पेज शिजू लागली. मागोताने पातळ म्हणून सांगितलं होतं, तेव्हा कुणाची पेज जास्त पातळ आणि जास्त मऊ यावर स्पर्धा लागली. किनुयो झाकलेलं पातेलं घेऊन आली. मागोताने झाकण काढलं आणि किंचाळायचा बाकी राहिला. पेजेच्या मधोमध खारवलेलं आंबट फळ होतं.

"किनुयो-सान, मीठ चालणार नाही. आंबटही नाही."

"अहो, नुसती बेचव पेज कोण खाईल?" किनुयो म्हणाली. "आजारी माणसाच्या तोंडाला चव नको?"

ते फळ मागोताने आपल्याच तोंडात टाकलं आणि पेज तेवढी टाकीत गेली. तोकुजी आजोबा तर रोज खुर्ची घेऊन टाकीपाशी बसायचे आणि तिच्याशी बोलायचे. "आजची पेज हारूको वहिनींकडची आहे, नीट खा," असं सांगताना त्यांना अनेकांनी ऐकलं.

हिसानो सकाळ-संध्याकाळ भट्टीची कळ फिरवून बघायची. काही नाही. मग फुस्स. मग पुन्हा काही नाही. ती गावाला धीर द्यायची आणि घरी येऊन न पेटलेल्या भट्टीसमोर बसून राहायची. नवऱ्याच्या फोटोकडे बघायची तिला लाज वाटत होती. छोट्या दिवसाच्या आदल्या दिवशी दुपारी मागोता टाकीला कान लावून बसला असताना आतून एक मोठा 'गुडुप' असा आवाज झाला, आणि तो पळत सुटला. न्हाणीच्या दारात धापा टाकत त्याला एवढंच म्हणता आलं, "ढेकर दिला."

हिसानोने कळ फिरवली. ज्योत आली. आधी करंगळीएवढी, मग ती सरळ झाली आणि निळी झाली. हिसानो तिथेच उकिडवी बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मागोता खिशातला रुमाल शोधत राहिला. रुमालाला शेणाचा वास होता, पण तिने त्यालाच डोळे पुसले.

छोट्या दिवशी न्हाणीच्या निळ्या पडद्याबाहेर रांग देवळापर्यंत गेली होती. आत कुंडात पिवळी लिंबं तरंगत होती आणि वाफ छताला टेकली होती. एकही माणूस आत शिरलं नव्हतं. सगळे गेन्पाचीची वाट पाहत होते.

तो आला तो गमबूट घालून, गळ्यात टॉवेल टाकून. वास त्याच्या पुढे चार पावलं चालत होता. रांग आपणहून बाजूला झाली. हिसानो गल्ल्यावरून खाली उतरली, आणि तिने स्वतःच्या हाताने पडदा वर धरला.

"पाणी तयार आहे," ती म्हणाली. "कुणी बोट बुडवलेलं नाही."

तो दारात उभा राहिला. "पहिलं पाणी माझं ना?"

"तुझंच."

"मग मी ते कुणालाही देऊ शकतो."

"कुणाला द्यायचंय?"

गेन्पाची टॉवेलचं टोक चाळवत राहिला. "तुझी सासू शेवटचं पाणी घ्यायची," तो म्हणाला. "तूही तेच घेतेस. आख्खं गाव न्हाऊन गेल्यावर जे कोमट उरतं ते. जा. उतर."

हिसानोच्या हातातला पडदा खाली आला.

"वेडा आहेस का?" ती म्हणाली. "गल्ल्यावर कोण बसेल?"

"मी बसतो की."

"गल्ल्यावरून बायकांची बाजू दिसते," किनुयो म्हणाली.

रांगेत जो हशा पिकला तो पार देवळापर्यंत गेला. गेन्पाचीचे कान लाल झाले. किनुयो स्वतःच गल्ल्यावर चढून बसली आणि तिने फळीवर हात फिरवून बोट बघितलं. "धूळ नाही, जा. आणि घाई करू नकोस."

"बाहेर सगळे गारठतील."

"मी एवढा जगलो तो काही गारठून मरायला नाही," तोकुजी आजोबा म्हणाले. "जा, पोरी."

ती गेली. नळाखाली बसून तिने अंग घासलं, अर्थात सगळ्यांपेक्षा जास्त वेळ, इतका की बाहेरून किनुयोला ओरडावं लागलं, "अगं, न्हाणी घासत्येस की स्वतःला?" मग ती कुंडात उतरली. पाणी कडकडीत होतं. पायापासून मानेपर्यंत ते असं चढत गेलं की तिच्या तोंडून आपोआप मोठा उसासा सुटला. इतकी वर्षं लोक असाच उसासा सोडत उतरायचे, आणि तिला ती उगीच हौस वाटायची. आपल्या न्हाणीचं पाणी असं असतं, हे तिला आज पहिल्यांदा कळलं.

मग किनुयोने रांग आत सोडली. बायका आत आल्या, कालवा झाला. भिंतीपलीकडे पुरुषांचा नळ सुरू झाला, आणि भिंतीवरून वाफेबरोबर तो वास आला.

"गेन्पाची," हिसानोने वर तोंड करून हाक मारली, "वास इकडे येतोय."

दोन्ही बाजूंचं बोलणं थांबलं. कुणीतरी घमेलं हलकेच खाली ठेवलं.

"मी घासलंय अंग," भिंतीपलीकडून गेन्पाची म्हणाला. "हा तुझ्या भट्टीचा वास आहे."

हिसानोने नाक वर केलं आणि दीर्घ श्वास घेतला. शेणाचा, लिंबांचा आणि ऊन पाण्याचा तो एकत्र वास तिच्या छातीत भरला. ती हसायला लागली. आधी ती, मग किनुयो गल्ल्यावरून, मग दोन्ही बाजू. तिने जवळ तरंगत आलेलं एक लिंबू उचललं आणि भिंतीवरून पलीकडे भिरकावलं.

"लागलं की," तिकडून तोकुजी आजोबा म्हणाले.

हिसानोने पाणी गळ्यापर्यंत घेतलं आणि भिंतीला पाठ टेकली. उठायची तिला अजिबात घाई नव्हती.